वाचकांचे प्रश्न : फोर्टमधले लंडन आणि टाउन हॉलचे ‘न्यायालय’

मुंबईच्या फोर्ट भागात होणाऱ्या चित्रीकरणाविषयी मागील अंकात आलेल्या लेखावर बरेच प्रश्न आले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांतल्या सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. उत्तरे देताना चित्रपटांच्या कलाविभागात काढलेल्या वर्षांचा मला उपयोग झाला आहे, आणि त्या खात्याचे पूर्वग्रहही उत्तरांत उतरले असतील, हे आधीच कबूल करतो.

प्रश्न : बॅलार्ड इस्टेटमध्ये एका रविवारी सकाळी आम्ही सहकुटुंब गेलो असता एका इमारतीसमोर लाल टपालपेटी, इंग्रजी पाट्या आणि लांब कोट घातलेली माणसे दिसली. चौकशी केली तेव्हा ‘लंडनचा सीन आहे’ असे उत्तर मिळाले. मुंबईत जुन्या इमारती इतक्या ठिकाणी असताना लंडनसाठी नेमकी हीच जागा का निवडतात? (एक वाचक, सातारा)

उत्तर : याचे उत्तर जितके वास्तुशैलीत आहे तितकेच रविवारच्या सुट्टीत आहे. फोर्टमधले बाकीचे जुने रस्ते तुकड्यातुकड्यांनी घडत गेले. एकाच ओळीत गॉथिक कमानींची इमारत, तिला खेटून अग्यारी आणि शेजारी स्वातंत्र्यानंतर उठलेला काँक्रीटचा ठोकळा असे दृश्य तिथे नेहमीचे आहे. पायी हिंडणाऱ्याला ही सरमिसळ आवडते, पण कॅमेरा जरा वळला की काळ आणि गाव दोन्ही बदलत असल्यामुळे चित्रीकरण करणाऱ्याला तिचा जाच होतो. बॅलार्ड इस्टेटचे तसे नाही. बॉम्बे पोर्ट ट्रस्टने ती १९०८ ते १९१४ या काळात एकहाती उभी केली. अलेक्झांड्रा गोदीच्या, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीच्या, खोदकामातून निघालेला भराव समुद्रकाठी टाकून सुमारे २२ एकर जमीन तयार झाली, आणि तिच्यावर उठणाऱ्या इमारतींचे रूप ठरवण्याचे काम जॉर्ज विटेट यांच्याकडे आले. गेटवे ऑफ इंडिया आणि आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय याच वास्तुविशारदाचे. युरोपातील प्रबोधनकाळाच्या धाटणीची दर्शनी बाजू त्यांनी ओळीने साऱ्या इमारतींना दिली. त्यामुळे चौकात उभे राहून कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवला तरी काळाची शिवण उसवत नाही. त्या काळी विलायतेहून येणाऱ्या बोटी जवळच्या बॅलार्ड पिअरला लागत, आणि उतरलेल्या साहेबाला पहिल्याच रस्त्यावर घरच्यासारखे वाटावे असेच या भागाचे रूप होते. तेव्हा बॅलार्ड इस्टेट लंडनची भूमिका करते यात नवल थोडेच. ते काम ती जन्मापासून करत आली आहे.

आता रविवार. हा भाग कचेऱ्यांचा आहे, राहत्या घरांचा जवळजवळ नाहीच. शनिवारी दुपारनंतर तो जो ओस पडतो तो सोमवारी सकाळीच जागा होतो. गिरगावात किंवा भुलेश्वरात रस्ता अडवला तर दूधवाला, शाळेची बस, अंत्ययात्रा, वरात यांपैकी काहीतरी ठरलेले; इथे चार तास रस्ता अडवला तरी तक्रार करायला कोणी घरात नसते. लोकेशन शोधायला रेकीला निघालेला माणूस इमारतीच्या सौंदर्याआधी हीच गोष्ट पाहतो.

तिसरे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. ब्रिटनमध्येही वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि गाडीचे सुकाणू उजवीकडे असते. हेच दृश्य पॅरिसचे म्हणून घ्यायचे झाले तर प्रत्येक गाडी बदलावी लागेल. लंडनसाठी नंबरप्लेटी बदलल्या की भागते, म्हणजे पुढे पांढरी आणि मागे पिवळी. पार्श्वभूमीला दोन गाड्या जायच्या असतील तर तेवढ्यावर काम निभावते.

जे निभावत नाही तेही सांगतो. पहिला शत्रू म्हणजे फुटपाथची कड. आपल्याकडे ती काळ्या-पांढऱ्या किंवा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी रंगवलेली असते आणि एका झटक्यात लंडनची मुंबई करते. दुसरा शत्रू सूर्य. मुंबईत दुपारी तो डोक्यावर येतो आणि कॉर्निसच्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर पुढे आलेल्या पट्टीच्या, सावल्या भिंतीवर सरळ खाली ओघळतात, तशा त्या लंडनमध्ये भर उन्हाळ्यातही पडत नाहीत. म्हणून ही दृश्ये सकाळी नऊच्या आत आटोपतात, किंवा पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी घेतली जातात. तिसरा शत्रू कावळा, आणि त्याच्यावर डबिंगशिवाय उपाय नाही.

चौथ्या शत्रूची गोष्ट माझ्याच वाट्याला आली. एका जाहिरातपटासाठी आम्ही असाच एक ‘लंडनचा’ कोपरा लावला होता. कॅमेरामनने फ्रेम लावली आणि वरच्या मजल्याच्या कॉर्निसमधून बाहेर आलेले पिंपळाचे हातभर रोप मॉनिटरवर हलताना दिसले. ते तोडायला माणूस वर चढवावा तर इमारत वारसा यादीतली, मालकाची लेखी संमती नाही, आणि रविवार असल्याने ती देणारा अधिकारी घरी. शेवटी खाली एका काल्पनिक बेकरीचे पट्ट्यापट्ट्यांचे कापडी छत बांबूवर ताणून कॅमेऱ्यासमोर असे धरले की फ्रेमचा वरचा कोपरा त्यात झाकून जावा. जाहिरात प्रसारित झाली तेव्हा त्या बेकरीचे कौतुक झाले. पिंपळ अर्थातच वाढत राहिला.

प्रश्न : हिंदी-मराठी चित्रपटांत न्यायालय म्हणून वारंवार दिसणाऱ्या उंच पांढऱ्या पायऱ्या खरोखरच न्यायालयाच्या आहेत काय? (एक वाचक, लातूर, याच आशयाचा प्रश्न जळगावच्या एका वाचकानेही विचारला आहे)

उत्तर : नाहीत. त्या पायऱ्या हॉर्निमन सर्कलसमोरच्या टाउन हॉलच्या आहेत. या इमारतीत एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आणि चित्रपटातली आई जिथे पदराने डोळे पुसत उभी असते तिथून दहा पावलांवर आत लोक शांतपणे वाचत बसलेले असतात. इमारतीचे काम १८२१ मध्ये सुरू होऊन १८३३ मध्ये पूर्ण झाले. रचना ग्रीक मंदिराच्या धर्तीवरची असून समोर डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक धाटणीचे, आठ खांब आहेत आणि त्यांच्यापर्यंत तीस पायऱ्या चढून जावे लागते.

गंमत अशी की खरे उच्च न्यायालय इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. १८७८ मध्ये पूर्ण झालेली ती गॉथिक इमारत वास्तू म्हणून टाउन हॉलपेक्षा कमी देखणी नाही. परंतु तिथे रोजचे कामकाज चालते, त्यामुळे कॅमेऱ्याला सहज प्रवेश मिळत नाही, आणि मिळाला तरी दिग्दर्शकाला जे हवे असते ते तिथे नाही. त्याला हवा असतो उतार. निकाल लागल्यानंतर नायक वरून खाली येतो, पत्रकार खालून वर धावतात, मध्ये कुठेतरी खलनायक पाठमोरा उभा असतो, आणि क्रेन खालून वर जात हे सारे एका दमात टिपते. पायऱ्यांची रुंदी इतकी आहे की गर्दीसाठीचे पन्नास ज्युनिअर आर्टिस्ट उभे केले तरी गर्दी ‘केलेली’ वाटत नाही. खांबांमुळे सत्ता आणि न्याय यांचे भान आपोआप येते. त्यासाठी संवाद लिहावा लागत नाही. दारातून आत पाऊल टाकले की मात्र कट होतो आणि पुढचे दृश्य गोरेगावच्या एखाद्या सेटवर सुरू होते, जिथे साक्षीदाराचा पिंजरा आणि न्यायाधीशांचा हातोडा दोन्ही तयार असतात. हातोडा आपल्या न्यायालयांत वापरला जात नाही, हा वेगळ्या पत्राचा विषय.

पुढच्या वेळी असे दृश्य आले तर पात्रांकडे न पाहता दाराजवळच्या पाटीकडे पाहावे. ‘सत्र न्यायालय’ असे लिहिलेली ती पाटी बहुधा प्लायवूडची असते आणि तिची सावली मागच्या दगडावर किंचित सुटून पडलेली दिसते, कारण वारसा इमारतीच्या भिंतीत खिळा ठोकता येत नाही म्हणून ती मागे टेकू लावून उभी केलेली असते.

प्रश्न : ‘बॉम्बे वेल्वेट’ या चित्रपटासाठी जुन्या मुंबईचा सेट श्रीलंकेत उभारला होता असे वाचले. खरी जुनी मुंबई जागेवर उभी असताना हा खर्च कशासाठी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण वाचले ते बरोबर आहे. २०१५ मध्ये प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटासाठी एकेकाळच्या मुंबईचे रस्ते श्रीलंकेत बांधण्यात आले होते. खर्चाचा प्रश्न मात्र उलटा विचारून पाहावा : खऱ्या फोर्टमध्ये तो काळ उभा करायचा तर काय काय झाकावे लागेल?

इमारती जागेवर आहेत हे खरे. पण त्यांच्या प्रत्येक खिडकीखाली वातानुकूलन यंत्राचा डबा आहे, त्यातून निघालेली नळी कोरीव ब्रॅकेटवरून खाली आली आहे, आणि दोन इमारतींमध्ये केबलची जाळी लोंबते आहे. खाली डांबर किंवा पेव्हर ब्लॉक, सिग्नल, दुभाजक, दिशादर्शक फलक आणि दुतर्फा उभ्या गाड्या. यांतला एकेक पदार्थ स्वतंत्रपणे झाकता येतो. वातानुकूलन यंत्रावर खोटी लाकडी झडप बसते, पेव्हर ब्लॉकवर माती पसरता येते, केबल नंतर संगणकावर पुसता येते. परंतु हे सारे पहाटे चारला सुरू करून सातच्या आत संपवायचे, नऊपर्यंत चित्रीकरण करायचे आणि अकराला रस्ता जसाच्या तसा पालिकेच्या हवाली करायचा, असे तीस दिवस चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. सेटवर रस्ता आपला असतो. पाऊस आला तर थांबता येते आणि उद्या पुन्हा तिथेच येता येते. लांबलचक दृश्यांच्या ऐतिहासिक चित्रपटाला म्हणूनच सेट परवडतो आणि दोन-तीन दृश्यांपुरता भूतकाळ हवा असेल तर फोर्ट परवडते, असा माझा हिशेब आहे.

झाकण्याजोग्या वस्तूंपेक्षा जास्त फसवतात त्या न खुपणाऱ्या गोष्टी. काळा घोडा चौकातले उदाहरण घ्या. सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा, ज्यावरून चौकाला हे नाव पडले, तो १९६५ मध्ये तिथून हलवण्यात आला आणि पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. आज तिथे दिसणारा स्वाराविना काळा घोडा २०१७ मध्ये बसवलेला आहे. म्हणजे कथा १९८० ची असेल तर चौकात घोडा असताच कामा नये, आणि १९५० ची असेल तर घोड्यावर राजा हवा. चौकाच्या नावातच घोडा असल्यामुळे तो नेहमीच तिथे होता असे कलाविभागातल्या तरुण मुलांना वाटते. तसेच नावांचे. ज्या स्थानकाच्या दर्शनी भागाचे दृश्य दाखवल्याशिवाय मुंबईत आलेल्या नायकाची कथा सुरू होत नाही, ते १९९६ पर्यंत व्हिक्टोरिया टर्मिनस होते, नंतर छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. पाटी एका फ्रेमपुरती दिसली तरी कथेचे साल उघडे पडते. फ्लोरा फाउंटनच्या दृश्यात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे हुतात्मा स्मारक दिसले तर ते दृश्य स्वातंत्र्यपूर्व काळाचे राहूच शकत नाही, आणि कारंजे व स्मारक इतके जवळजवळ आहेत की एक दाखवून दुसरे लपवायला कॅमेऱ्याची जागा फार जपून निवडावी लागते. ट्राम तर ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. पन्नासच्या दशकातला फोर्टचा रस्ता ट्रामशिवाय दाखवला की जुन्या मुंबईकराला तो पोकळ वाटतो. नेमके काय चुकले हे त्याला प्रत्येक वेळी सांगता येईलच असे नाही.

एक जागा मात्र या सगळ्यात दिग्दर्शकावर मेहेरबान आहे. ओव्हल मैदानाच्या मध्यावर उभे राहिले तर पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, म्हणजे १८७० च्या दशकातले गॉथिक; पश्चिमेला तोंड फिरवले की १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको, म्हणजे सरळ रेषा आणि गोलाईच्या आधुनिक धाटणीच्या, इमारती. या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. तिपाई न हलवता साठ वर्षांचे अंतर कापता यावे, अशी दुसरी जागा या शहरात मला तरी सापडलेली नाही.

प्रश्न : चित्रीकरणाचे शुल्क इमारतींच्या डागडुजीसाठी वापरले जाते काय? आणि चित्रीकरणामुळे इमारतींचे नुकसान होत नाही काय? (एक निवृत्त अभियंता, नागपूर)

उत्तर : शुल्क ज्याची जागा त्याला मिळते. रस्ता असेल तर पालिका, स्थानक असेल तर रेल्वे, बॅलार्ड इस्टेटमधील बंदराच्या मालकीची जागा असेल तर बंदर प्राधिकरण, आणि खासगी इमारत असेल तर तिचा मालक. त्याखेरीज वाहतूक पोलीस व स्थानिक पोलीस ठाणे यांची परवानगी लागते. आता राज्याच्या एक खिडकी योजनेमुळे हे अर्ज पूर्वीसारखे दारोदार घेऊन फिरावे लागत नाहीत. हे पैसे त्या त्या संस्थेच्या सर्वसाधारण जमेत पडतात. ज्या कॉर्निससमोर नायिका नाचली त्याच कॉर्निसच्या दुरुस्तीला ते लागावेत असा कोणताही थेट दुवा मला दिसलेला नाही, आणि तो असायला हवा असे माझे ठाम मत आहे.

नुकसानाबद्दल अभियंत्याला वेगळे सांगायला नको : कोरीवकामासाठी या भागात वापरलेला पोरबंदरचा चुनखडीचा दगड मऊ आहे आणि एकदा कपचा उडाला की तो बसवता येत नाही. नुकसान बहुधा कॅमेऱ्याने होत नाही, घाईने होते. चांगले युनिट जुन्या नक्षीदार फरशीवर आधी जाजम, मग प्लायवूड आणि मग ट्रॉलीचे रूळ टाकते. लाइटच्या स्टँडच्या पायांना टेनिसचे कापलेले चेंडू बसवते. दोरी खांबाला बांधायची तर मध्ये पोत्याची घडी घालते. वाईट युनिट पॅकअपच्या वेळी चिकटपट्टी ओढून काढते आणि तिच्याबरोबर शंभर वर्षांचा रंग येतो. दोन्ही प्रकारची युनिटे मी पाहिली आहेत, आणि अनामत रकमेचा आकडा मोठा असला की वाईट युनिटही चांगले होते.

मात्र चित्रपटसृष्टी या भागाचे काही देणे लागते का असे कोणी विचारले तर मी वॉटसन हॉटेलकडे बोट दाखवीन. काळा घोड्याजवळच्या, ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभ्या असलेल्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि भारतात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया होते. तीनच वर्षांनी सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी याच शहरात कुस्तीची लढत चित्रित केली. पुढे एस्प्लनेड मॅन्शन झालेली वॉटसनची ती इमारत २००५ मध्ये जगातील धोक्यात आलेल्या शंभर वास्तूंच्या यादीत गेली आणि २०१९ मध्ये मोडकळीस आल्यामुळे रिकामी करण्यात आली. तिच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर एवढे चित्रीकरण होत असताना तिच्या लोखंडी खांबांना टेकू लावण्याएवढाही चित्रपटाचा पैसा तिच्यापर्यंत कधी पोहोचला नाही, हे मला या धंद्यातला माणूस म्हणून लाजिरवाणे वाटते.

प्रश्न : मराठी मालिकांत हा भाग क्वचितच का दिसतो? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : रोजच्या मालिकेला रोज सुमारे वीस-बावीस मिनिटांचा भाग द्यावा लागतो, आणि गोरेगाव, मढ किंवा घोडबंदर इथल्या सेटवरून फोर्टला युनिट नेणे-आणणे यातच अर्धी शिफ्ट संपते. त्यामुळे नायिकेला ‘हेड ऑफिसला’ नोकरी लागली की फोर्टच्या एखाद्या इमारतीचे चार सेकंदांचे दृश्य दाखवायचे आणि लगेच सेटवरच्या काचेच्या केबिनमध्ये शिरायचे, असा रिवाज आहे. तेच चार सेकंद पुढे दोन वर्षे वापरले जातात. लक्ष देऊन पाहिल्यास तीच टॅक्सी दर वेळी त्याच वळणावर दिसते. वेब मालिकांचे वेळापत्रक चित्रपटासारखे असल्यामुळे त्यांतून हा भाग अलीकडे पुष्कळ दिसू लागला आहे.

प्रश्न : फोर्ट हे फोर्ट म्हणूनच दाखवणारा एखादा चित्रपट सुचवावा. (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बासू चटर्जी यांचा १९७६ चा ‘छोटी सी बात’ पाहावा. अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा यांची पात्रे याच भागातल्या कचेऱ्यांत जाणारी, बसथांब्यावर उभी राहणारी साधी माणसे आहेत. त्यामुळे रस्ते, थांबे आणि उपाहारगृहे इथे दुसऱ्या कोणत्या गावाचे सोंग न घेता आपल्या वेळेत आणि आपल्या गर्दीसह येतात. जहांगीर कलादालनातले ‘समोवार’ हे उपाहारगृहही त्यात दिसते. समोवार २०१५ मध्ये बंद झाले. कलादालन सकाळी ११ ते सायंकाळी ७ उघडे असते आणि प्रवेशशुल्क नाही. तेव्हा चित्रपट आधी पाहून मग तिथे जावे, म्हणजे टेबले कुठे होती ते जागेवर ताडून पाहता येईल.